दोन रिंगा

४ डिसेंबर, अवसरी
दादा एकदा म्हणाला होता, "निमे, इंटरनेटच्या फोनात आवाजाचे तुकडे करून धाडत्यात. ज्याची त्याची वाट येगळी. उशिरा पोचलेला तुकडा टाकून देत्यात. त्याची वाट बघत बसलं तर बोलणंच थांबंल." जुन्नरच्या दुकानात वायर सोलत बोलला होता. मी हसले होते.
त्याला जाऊन चार महिने झाले. परवा आईला घाटघरहून इकडे आणलं, घराला कुलूप लावलं. काल दुपारी एकला माझ्या मोबाइलवर दादाचं नाव. दोन रिंगा. बंद.

५ डिसें.
आजही. बरोबर एक. आईनं पाहिलं.
आमच्या घरची जुनी रीत: कुणी गावाबाहेर गेलं की पोचल्यावर दोन रिंगा द्यायच्या. बोलायचं नाही.
"पोचला बाई," आई म्हणाली. आणि ताट मागितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

७ डिसें.
वहिनींना राजुरीला फोन. "वन्सं, त्यांचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवलाय. मी हातबी लावला न्हाई."

९ डिसें.
जुन्नर. दादाचे भागीदार सलीमभाई. दुकानातली फोनची पेटी दाखवली. वर धूळ, दिवे मात्र लुकलुकत होते.
"भूतबित काय नाय, ताई. तुमच्या दादाचीच कारागिरी."
घाटघरला रेंज नाही, म्हणून दादानं छपरावर अँटेना लावून आईला फोन दिला होता. आईनं रोज सकाळी रिसीव्हर उचलून ठेवायचा. हजेरी. बारापर्यंत उचलला नाही, तर एकला पेटी दुकानच्या इंटरनेट नंबरावरून (माझ्या मोबाइलात तोही दादाच्याच नावानं) आम्हाला शोधायला लागते. दोन रिंगा त्याच्या मोबाइलला, दोन माझ्या.
म्हणजे पोचलो नव्हे. म्हणजे घरात कोणी नाही.
"आईंना सांगणार?"
सांगितलं नाही.

१३ डिसें.
साडेबारापासून आई मोबाइल मांडीवर घेऊन बसते. चार्जिंगलाही देत नाही. रिंग आली की भाकरी, वर थोडा भात. नाही आली तर? विचार करायचा नाही.
आज म्हणाली, "दमल्यावानी वाजला." मलाही तसंच वाटलं. हे लिहायला नको होतं.

१६ डिसें.
वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "महिनाअखेर पेटी बंद करायला सांगते. नंबरबी परत करते. त्यांच्या नावानं फोन वाजला की तुमास्नी जेवण जातं, वन्सं. मला जात न्हाई."


१९ डिसें.
एक वाजला. फोन नाही. दोन. अडीच. आईनं ताट सरकवलं.
सलीमभाईंना विचारलं, पेटी बंद केली का?
"चालू हाये. घाटघरचा फोन सकाळी उचललाय, ताई. साडेसातला."
आईची वेळ. आई तर इथे चहा पीत होती. किल्ली माझ्या तांदळाच्या डब्यात. जाऊन पाहिली. आहे.
"उंदीर असंल. नायतर वाऱ्यानं अँटेना हलली." मग म्हणाले, "पण ठेवलाय बी परत."

२० डिसें.
आजही साडेसातला उचललेला. एकला काही नाही.
मी आईला खरं सांगितलं. पेटी, हजेरी, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.
"मग बरोबर हाय की. घरी कुणी हाय म्हणून वाजत न्हाई."
"आई, कुलूप आहे."
"तो उपाशी असंल. मला ने." आणि स्वतः काल दुपारपासून जेवलेली नाही.

२१ डिसें.
उद्या सकाळी आईला घेऊन निघते. साडेसातच्या आत पोचायचं की नंतर, ठरत नाही.
उघडल्यावर घर रिकामं निघालं, तर परत आल्यावर आईला त्या दोन रिंगा लागतील. खरं कळलं तरी तेवढ्यावरच ती जेवेल. म्हणून आता वहिनींना फोन करते. काय म्हणायचं ते चार वेळा पाठ केलंय, तरी त्या नाहीच म्हणतील, आणि दादाही त्यांच्याच बाजूनं बोलला असता: उशिरा पोचलेल्या तुकड्याची वाट बघायची नाही.
वहिनी, पेटी बंद करू नका.