डावीकडचा पत्रा

७ जाने., मंगळवार

सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पाऊण तास ताटकळत ठेवलं. काचबिंदू वाढतोय म्हणाले, कडेचं दिसणं कमी होतंय, डाव्या बाजूला जास्त. मग ती पेटीतली तपासणी. पेटीत डोकं घालायचं, कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही नसलेले दिवे पाहिलेत." पुन्हा करायची, २८ ला. मी अंदाजाने ताल धरून दाबत होतो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? छत्तीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला काढली. असा रिपोर्ट दुसऱ्या कुणी दिला असता तर त्याच्या टेबलावर आपटला असता.

गाडी चालवता का, विचारलं. क्वचित म्हटलं.

बाहेर पडलो तर शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जुनी पद्मिनी गाडी. कव्हर अर्धं सरकलेलं. फिकट निळा रंग, जुना तीन अक्षरी नंबर. काचेला आतून चिठ्ठी, सुवाच्य अक्षर:

गाडी विकणे आहे. फक्त चालवणाऱ्यास. शोभेला हवी असल्यास बेल वाजवू नये.

बेल वाजवली नाही. कोथरूडला येईपर्यंत दुसरा विचार नाही.

९ जाने., गुरु.

झोप नीट नाही. ८४ साली पद्मिनीला नंबर लावला होता. तीन वर्षांनी नंबर आला तेव्हा मुलगी झाली होती, फ्लॅट बुक केला होता. पत्र फाडून टाकलं. त्यानंतर कंपनीची जीप चालवली, जावयाची गाडी चालवली. स्वतःची एकही नाही. आता सहासष्ट. हवी आहे मला. इतकी साधी गोष्ट कागदावर लिहायलाही लाज वाटते.

सुनंदाला बोललो नाही. बायकोला काय सांगणार?

यादी केली. जुनी गाडी घेताना काय बघायचं, एकवीस कलमं. ओके / रिवर्क / रिजेक्ट असे तीन रकाने. सवय.

१० जाने., शुक्र.

स्कूटर काढताना तळमजल्यावरच्या साठेंची कुंडी फुटली. जाण्यायेण्याच्या वाटेत कुंड्या. सोसायटीला अक्कल नाही. कमिटीला पत्र लिहिणार आहे.

घरात टीपॉय कुणी हलवला? मागच्या आठवड्यात दोनदा नडगी आपटली होती, आता तो भिंतीशी नेऊन ठेवलाय. वस्तू जागेवर ठेवायची पद्धत नाही.

१२ जाने., रवि.

बेल वाजवली. जोगळेकर बाई, वय एकोणऐंशी, शाळेत गणित शिकवायच्या. गाडी पहिल्यापासून त्यांचीच, स्वतः चालवलेली. सात वर्षं झाली चालवणं सोडून. पण दर रविवारी सुरू करून वीस मिनिटं ठेवतात. शेजारी तक्रार करत नाहीत का, विचारलं तर म्हणाल्या, "करू देत. त्यांना दुसरं काम काय आहे?"

मला आत घेण्याआधीच विचारलं, स्वतः चालवणार की ड्रायव्हर ठेवणार? स्वतः, म्हटलं. बराच वेळ बघत राहिल्या. चहा दिला नाही.

बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. हे पहिलं कलम: विकणारा आधीच तापवून ठेवतो, मग कुठलंही इंजिन लगेच सुरू होतं. त्यांनी चोक ओढला, दुसऱ्या झटक्यात सुरू. धूर पांढरट, लगेच विरला. निळा नाही, म्हणजे तेल जळत नाही. आरसी पुस्तक, टॅक्स, पुनर्नोंदणी, सगळं कव्हर घातलेल्या फाइलीत. चॅसिस नंबर कागदाशी जुळतो. कर्ज नाही, बोजा नाही.

सात कलमं ओके. परत येताना उगाचच गुणगुणत होतो.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

सु.ने कपडे धुण्याआधी खिशातली यादी वाचली.  दुपारी तिळगूळ हातावर ठेवताना म्हणाली, "अहो, एकविसात डोळे कुठे आहेत?" मी म्हटलं, हेडलाइट आहेत की, नववं कलम. ती हसली नाही.

जेवताना एकटीच बोलत होती. भोगीची भाजी, मुलीचा फोन. मी हं हं केलं.

१९ जाने., रवि.

तात्यांना मांजरी गावाहून आणलं. जुन्या गाड्यांचे मिस्त्री, कंपनीपासूनची ओळख. गाडीखाली आडवे झाले, अर्धा तास बाहेर आले नाहीत. पायाखालची मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. घट्ट. "इंजिन खणखणीत हाय सायेब. बाईमाणसानं लई जपलीया."

सु.ही आली होती. स्वतःहून. कशाला, विचारलं नाही.

मॅग्नेट न्यायला विसरलो. पत्र्यावर मॅग्नेट चिकटतो, पोचे भरलेल्या पुटीवर घसरतो. मॅग्नेटशिवाय जुन्या गाडीला हात लावू नये हे मीच सगळ्यांना सांगतो. सु.ने पर्समधून फ्रिजवरचा मॅग्नेटचा गणपती काढून दिला. घरून निघतानाच घेतला होता.

टप: चिकटला. मागची डिकी: चिकटला. उजवी दोन्ही दारं: चिकटला. डावं पुढचं मडगार्ड: घसरला. पुन्हा लावला, पुन्हा खाली. डावं दार: हेडलाइटच्या उंचीला धरला, सरकत सरकत खाली आला. डावा मागचा कोपरा: थेट फरशीवर.

तात्या म्हणाले, डावी बाजू समदी पुटी.

सु. राजापूरची. तिच्या माहेरी देवाला कौल लावतात, मूर्तीवर फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूचं पडतं ते बघायचं. गणपती उचलून पदराने पुसला आणि म्हणाली, "डावा पडला. देव नाही म्हणतोय." मी म्हटलं, हा चुंबक आहे, देव नाही. "मग चुंबक नाही म्हणतोय," म्हणाली.

जोगळेकर बाई वर बाल्कनीत उभ्या होत्या. 

२१ जाने., मंगळ.

डोक्यातून जात नाही. मोठा अपघात असता तर चॅसिस वाकली असती, तात्यांना दिसलं असतं. चॅसिस सरळ. पुटी एका वेळची नाही. मडगार्डावर तीन थर, दारावर दोन, रंगाच्या छटा वेगळ्या. म्हणजे अनेक छोट्या धडका, वेगवेगळ्या वर्षीच्या, आणि सगळ्या एकाच बाजूला. उजवीकडे ओरखडा नाही. असं कसं? ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डावीकडचा अंदाज चुकतो, ठीक, पण बाईंची तीस-पस्तीस वर्षांची सवय आहे गाडीची.

कमिटीला कुंड्यांचं पत्र अर्धवट राहिलंय. आज जिन्यात डावा खांदा कठड्याला लागला. कठडा

पुढे लिहीत नाही.

२४ जाने., शुक्र.

एकटाच गेलो. चालवून बघतो म्हटलं, हे शेवटचं कलम. बाई येऊन शेजारी बसल्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ. स्टिअरिंगजवळचा गिअर हाताला लगेच सापडला. क्लच हलका. पेरूगेटाकडे वळेपर्यंत मला वाटलं, चाळीस वर्षं हिचीच वाट बघत होतो. खरंच तसं वाटलं, म्हणून लिहितो.

वळणावर बाई पूर्ण मान डावीकडे वळवून शांतपणे म्हणाल्या, "डावीकडे स्कूटर."

मी म्हटलं, दिसली.

दिसली नव्हती. मुलगी होती, हेल्मेट घातलेली. ब्रेक मी बाईंच्या शब्दावर मारला. ती ओरडून पुढे गेली. 

पार्किंगला लावली.  मग मीच विषय काढला, दुसरं काय करणार. विचारलं, डाव्या बाजूला एवढी पुटी कशी? अपघात झाला होता का?

बाई म्हणाल्या, "अपघात नाही हो. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की पेठेत लोक गाड्या नीट लावत नाहीत."

मला कुंडी आठवली.

"त्याच डॉक्टरांकडे जाते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथून डोळे पुसत बाहेर पडता, बाल्कनीतून दिसतं मला. समोरचं मला अजून छान दिसतं."

मग पर्समधून माझी यादी काढली. रविवारी तात्यांबरोबर बोलताना मी टपावर विसरलो होतो. लाल पेनाने कुठे कुठे दुरुस्त केलेली. दोन ठिकाणी शुद्धलेखन.

"एकवीस कलमं गाडीची. चालवणाऱ्याचं एकही नाही. बाविसावं घाला, मग या. कागद घेऊन या, तोंडी नको."

तुम्ही गाडीची किल्ली खाली कधी ठेवली, विचारलं. म्हणाल्या, डावीकडे आईचा हात धरून चाललेलं पोर होतं. लागलं नाही. त्याच दिवशी ठेवली.

२६ जाने., रवि.

सु.ला सगळं सांगितलं. स्कूटर, पेटी, नसलेले दिवे. वाटलं, रागावेल. विचारलं, टीपॉय तू हलवलास का? म्हणाली, दिवाळीतच हलवायला हवा होता.

संध्याकाळी देवळापर्यंत चालत गेलो. लक्षात आलं, ती माझ्या डाव्या बाजूने चालते. आमच्यात ती कायम उजवीकडे असायची. कधीपासून बदललं, ते विचारवलं नाही.

साठेंना नवी कुंडी आणून दिली. त्यांनी कारण विचारलं. माझा धक्का लागला म्हटलं. बस.

२८ जाने., मंगळ. सकाळी

अकराची वेळ. सु. येते म्हणाली. स्कूटर नको, रिक्षाने.

राहवत नाही. एकदा वाटतं, इतकं काही गेलं नसेल, वर्षभर तरी. सकाळच्या वेळी, रिकाम्या रस्त्याला, सु. डावीकडे बसून सांगत राहील. मग वाटतं, हे मी कुणाला पटवतोय? गाडीचं इंजिन अजून दहा वर्षं चालेल, तात्यांनी सांगितलंय.

यादीत बाविसावं घातलं. चालक: डावी बाजू. पुढचे तिन्ही रकाने मोकळे.

रिपोर्ट घेऊन बाईंकडे जायचं, जे काही येईल ते. जिना उतरलं की शेजारचंच फाटक. फ्रिजवरचा गणपती सु.ने पर्समध्ये टाकलाय, मी पाहिलं.

आज दिवा दिसला तरच बटण दाबायचं.