विहिरीचं पाणी घातलेली बॅटरी

मामंजी, त्या रविवारी रेडिओ का लागला नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ते थोडंफार माहीत होतं. आज सगळं सांगते.

शिराळ्याजवळच्या आपल्या गावात तेव्हा वीज नव्हती. तुम्ही गुळाचा ट्रक सांगलीला न्यायचात. तिथल्या एका व्यापाऱ्यानं काढून टाकलेला रेडिओ तुम्ही आणलात, पण तो विजेवर चालणारा. मग इस्लामपूरच्या मिस्त्रीनं पत्र्याची एक पेटी करून दिली. ट्रकच्या जुन्या बॅटरीच्या तारा पेटीला, पेटीची तार रेडिओला. पेटी घुमायला लागायची, रेडिओच्या आतल्या नळ्या तांबूस व्हायच्या, आणि मग कुठं आवाज यायचा. तुमचा मुलगा, माझा नवरा, फौजेत होता. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की तुम्ही स्वतःच्या हातानं बॅटरीवरचे तारांचे चिमटे काढून ठेवायचात, कारण आठ दिवस पुरवून मगच बॅटरी चार्जिंगला न्यायची असायची. "हात लावू नगंस पोरी, आत तेजाब हाय. कातडं जाईल," असं मला बजावलं होतंत.

मी हात लावला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, तुम्ही दिवसभर ट्रकवर, मी एकोणीस वर्षांची. दुपारी भांडी झाली की घर खायला उठायचं. चिमटे कसे लावायचे ते मी बघून ठेवलं होतं. बायकांच्या कार्यक्रमात एक बाई काहीबाही वाचून दाखवायची. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पुस्तकात माणसं असतात आणि ती आपल्यासारखीच बोलतात, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं.

एकदा तुम्ही बॅटरीची बुचं उघडून म्हणालात, "पाणी कमी झालंय," आणि मिस्त्रीकडच्या बाटलीतलं पाणी आत घातलंत. मी मनाशी धरलं की रेडिओ जितका बोलतो तितकं पाणी पितो. म्हणजे माझी चोरी पाण्यावरून कळणार. मग रोज दुपारी रेडिओ बंद केला की मी एकेका भोकात चमचाभर पाणी घालू लागले. घागरीतलं, आपल्या मचूळ विहिरीचं. प्यायलेलं तेवढं भरून दिलं, असं समजून.

पासष्टच्या श्रावणात फौजेतून त्यांचं पत्र आलं. तुम्ही ते मला वाचून दाखवलंत. येत्या रविवारी जवानांच्या कार्यक्रमात त्यांचं नाव सांगणार होते, घरच्यांना निरोप देणार होते. तुम्ही बॅटरी मुद्दाम चार्ज करून आणलीत, गावभर सांगितलंत. रविवारी ओसरीवर बसायला जागा नव्हती. तुम्ही धुवट फेटा बांधला होता. चिमटे लावलेत. पेटी जराशी घुमली आणि गप्प झाली. तुम्ही चिमटे पुसलेत, परत लावलेत. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आवं ड्रायवर, रेडिओला न्याहारी दिली न्हाई व्हय?" सगळे हसले. मग कार्यक्रमाची वेळ टळली तसं कुणी हसेना. एकेक जण उठून गेला. तुम्ही तसेच पेटीवर हात ठेवून बसला होतात.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरहून परतलात ते तावातावानं. "मिस्त्री म्हनतोय, कुनीतरी आत विहिरीचं पानी वतलंय, त्यानं बॅटरी मेली. म्या म्हटलं, तोंड सांभाळ. घरात म्या आन् माझी सून. माझी सून असली न्हाई." मी तुमच्या ताटात भाकरी वाढली. त्या मिस्त्रीला तुम्ही मरेपर्यंत लबाड म्हणालात, आणि मी ऐकून घेतलं.

तुमच्यामागं मी वाचायला शिकले. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद उलगडून, एकेक अक्षर लावत. वाचता आल्यावर पहिली तुमची ट्रंक उघडली आणि त्यांची पत्रं काढली. त्या श्रावणातल्या पत्रात शेवटी होतं, "दुपारी तिला रेडिओ लावू देत जा. एकटी असते." ती ओळ तुम्ही वाचली नव्हतीत. मुलानं बायकोसाठी लिहिलेलं सासऱ्यानं सुनेपुढं कसं वाचायचं, असं वाटलं असेल. मला राग आला नाही. वाचली असतीत तर तिथून पुढं तरी मला चोरून पाणी घालावं लागलं नसतं, एवढंच मनात आलं. रेडिओ पाणी पीत नाही, हे पुढं एका शाळेच्या पुस्तकात वाचलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. त्या रविवारनंतर महिनाही झाला नाही. पोस्टमन दारात उभा आहे, तार इंग्रजीत आहे, शाळेचे गुरुजी ती वाचतात आणि मान खाली घालतात. तुम्ही भिंत धरून खाली बसता. बायका मला धरायला धावतात. आणि मामंजी, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता बॅटरीचं कुणी विचारणार नाही.