छकड्यामागचा चरक

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, टिटवाळे

उसाचा लोखंडी चरक कल्याणहून आणायला जड गाडा हवा होता. मी तो चाकांवर चढवून आमच्या हलक्या छकड्यामागेच बांधला. धाकटा भाऊ विष्णू म्हणाला, “दादा, उतारावर हा छकड्याला ढकलील. चरकामागे ओंडका बांधू या, म्हणजे वेग आवरेल.” मी म्हटले, “चल रे, काही होत नाही.”

नदीच्या उतारावर चरकाने छकड्याला रेटले. बैलांना आवरेना. विष्णू चाकाखाली दगड घालायला धावला आणि त्याचा पाय चाकाखाली सापडला. एक ओंडका बांधायला असा किती वेळ लागला असता?

वैद्यबुवा म्हणतात, पाय वाचणार नाही. विष्णूने मला जवळ बोलावले. म्हणाला, “आईला सांग, घाई मीच केली.”

मी आईला तेच सांगितले.