एका लेन्सचे व्रत नव्हे

मी, श्रीमती लता गोरक्ष पिंगळे, वय ६७, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार कॉलेज रोड, नाशिक. माझी बुद्धी शाबूत आहे, जीभही. कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहता फ्लॅट व ठेवी माझी भाची वैष्णवी हिला. माझ्या सासरच्यांनी आठ्या घालू नयेत. फ्लॅट माझ्या पगारातून झाला आहे.

२. माझा कॅमेरा, त्याची पन्नास मिलिमीटरची एकुलती एक लेन्स व सर्व निगेटिव्ह वैष्णवीलाच. १९९१ पासून मी याच लेन्सने गंगापूर धरणाचा काठ आणि मखमलाबादचे फुलांचे मळे टिपले. ही लेन्स दूरचे जवळ आणत नाही. आपणच चालत जावे लागते. मळेवाली नवसाबाई बांधावरून ओरडायची, "बाई, लांबूनच काढा ना, गुडघाभर चिखल हाय!" मी म्हणायची, "लांबून येत नाही गं." धरणावर मी पोहोचेपर्यंत बगळे उडालेले असत. माझ्याकडे नुसत्या पाण्याचे फोटो पुष्कळ आहेत.

वैष्णवीने हवी ती लेन्स विकत घ्यावी. माझा कित्ता गिरवू नये.

३. दूरचे जवळ आणणाऱ्या आणखी दोन मोठ्या लेन्स घरात होत्या, माझ्या पतींच्या कपाटात, कुलपात. पाहुणे आले की बाहेर निघत. मी मागितल्यावर, "तुला काय वाघ टिपायचेत? आहे ती बास." २००४ साली ते गेले, तेव्हा चावी दाढीच्या डब्यात सापडली. इतके पावसाळे कोंडून राहिल्याने काचांना आतून बुरशी धरली होती. या दोन्ही लेन्स माझे दीर रावजी पिंगळे यांना. त्यातून दिसेल तेवढे त्यांनी पाहावे.

४. रावजी एका छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष आहेत. माझ्या पश्चात त्यांना माझ्या फोटोंचे 'एका लेन्सचे व्रत' असे प्रदर्शन भरवायचे आहे. निमंत्रणाचा मजकूर त्यांनी मला जिवंतपणीच वाचून दाखवला. "वहिनी, केवढा हा संयम! दादाचेच संस्कार."

"भावजी, कुलपाला संयम म्हणत नाहीत."

ते खो खो हसले. वहिनी विनोद करतात म्हणे. म्हणून हे कागदावर.

५. रावजींना एकही निगेटिव्ह देऊ नये. प्रदर्शन भरवायचेच तर वैष्णवीने भरवावे. नुसत्या पाण्याचे फोटो आधी लावावेत. दाराशी पाटी असावी: "दुसऱ्या लेन्स घरातच होत्या. कपाटाला कुलूप होते." खाली माझे नाव घालावे. मधले गाळावे.

वरील मजकूर वाचून, एकही शब्द मागे न घेता सही करते.

लता पिंगळे

साक्षीदार:
१. नवसाबाई लहानू थेटे, मखमलाबाद
२. डॉ. ज्ञानेश कोठुळे, नाशिक

नाशिक, ३ डिसेंबर २००७