भोरचा शिक्का

दि. १४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांना शुभांगीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघं बरी असाल. आईचा गुडघा कसा आहे? ट्रेकवाल्यांच्या भाकरी थापायला ती अजून जमिनीवरच बसते की गॅसचा ओटा वापरायला लागली? इंद्रायणी भात कापून झाला का? झोडणीला माणसं मिळाली का? मागच्या फोनवर आई म्हणाली की यंदा पावसानं पिकाला दिवाळीपर्यंत धरून ठेवलं.

मी बरी आहे. खरोखर बरी आहे. गेल्या दीड वर्षात हे वाक्य फोनवर पुष्कळदा बोलले, पण ते खरं असायची ही पहिलीच खेप.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोन तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पत्र. आई "घ्या, पोरगी हाय" म्हणते आणि लगेच गोठ्याच्या दाराची कडी वाजते, हे मला इकडे ऐकू येतं. पण तुम्ही पालीचे पोस्टमन. तीस वर्षं वेल्ह्याहून आलेली थैली सोडून घरोघर टपाल वाटताय. आलेलं टपाल परत लावणं तुमच्या रक्तातच नाही, म्हणून हा डाव टाकलाय. रागावू नका.

वर तारीख आहे आणि ठिकाण नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. त्याचं पुढे सांगते.

आधी नोकरीचं. गेनूकाकांनी एसटी थांब्यावर जो फ्लेक्स लावलाय ना, माझा भलामोठा फोटो आणि खाली "व्हिएतनाम देशात इंग्रजीच्या प्राध्यापिका", त्यातलं देशाचं नाव तेवढं बरोबर आहे. प्राध्यापिका म्हणजे मी पाच ते नऊ वर्षांच्या पोरांपुढे बेडकासारख्या उड्या मारत होते. एका तासाला चाळीस मिनिटं उड्या आणि पाच मिनिटं इंग्रजी. मागे काचेच्या भिंतीपलीकडे आईबाप मोबाईल धरून उभे. उडी कमी पडली की संध्याकाळी तक्रार. करारात आठवड्याचे वीस तास होते. प्रत्यक्षात तास वीसच, पण त्याआधीची तयारी, नंतरची झाडलोट, रविवारी बाजारात पत्रकं वाटणं, हे त्यात धरत नव्हते. घसा इतका बसायचा की आईला वाटायचं लाइन खराब आहे.

तरी ते मी सोसलं असतं. कष्टाचं काय, भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उभं राहिलेली पोरगी मी. दुसरंच काहीतरी टोचत होतं.

पहिल्याच दिवशी संचालिकाबाईंनी सांगितलं की तुझं नाव आजपासून सोफी आणि तू लंडनची. पत्रकावर तसं छापूनही झालं होतं. पालकांना लंडनची शिक्षिका हवी असते, म्हणाल्या. आता माझा रंग बघून लंडन कोणाला पटणार, असं मला वाटलं. पण आजोबा तिकडे गेले होते असं सांगायचं ठरलं, आणि ते पटलं. माझ्या शेजारच्या वर्गात एक गोरा होता, मूळचा नळ दुरुस्त करणारा. स्वभावानं गरीब. त्याला फळ्यावर तीन ओळी धड लिहिता येत नसत, त्याचे धडे मी लिहून द्यायची. त्याला कोणी नाव बदलायला सांगितलं नाही. आवारात फोनवर मराठी बोलायची बंदी होती. म्हणून मी आईशी बोलायला गल्लीच्या टोकाला, मासे विकणाऱ्या बाईच्या छपराखाली जायची. ती बाई मला सोफी म्हणायची नाही. तिच्या पद्धतीनं "सुपागी" म्हणायची. त्यासाठी मी गरज नसताना मासे घेतले आहेत.

आणखी एक. मला तिथे कामाचा परवाना नव्हताच. दर तीन महिन्यांनी बसनं सरहद्दीवर जायचं, पलीकडे पाऊल टाकून नवा शिक्का घेऊन परत यायचं. कागदोपत्री मी फिरायला आलेली बाई होते. हे जायच्या आधी एजंटनं सांगितलं नाही, आणि कळल्यावर मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, कागद नीट वाच. मी घाईत होते.

मग दसरा आला. दोन ऑक्टोबर, गुरुवार. तिथे कोणाला पत्ताच नव्हता. वर्गात प्रत्येक पोराकडे छोटी पांढरी पाटी असते, शाईच्या पेनानं लिहायची. ती बघून मला राहवेना. मी फळ्यावर आपली पाटीवरची सरस्वती काढली, एकचे आकडे शेजारी-शेजारी मांडून काढतात ती, आणि पोरांना म्हटलं, काढा. वीस पोरांनी वीस सरस्वत्या काढल्या. खिडकीतल्या कुंडीतली फुलं तोडून पाट्यांवर वाहिली, हात जोडले. उडी न मारता पूर्ण तास गेला, आप्पा. इतकी शांत पोरं मी तिथे पाहिली नव्हती.

मदतनीस मुलीनं फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले. तास सुटल्यावर एका मुलीचे वडील आले. अगदी नम्रपणे त्यांनी विचारलं, लंडनला आज हा सण असतो का? मला फक्त हो म्हणायचं होतं. दीड वर्ष हो म्हणत होतेच. पण समोर वीस पाट्या होत्या. माझ्या तोंडून निघालं, "नाही, हे माझ्या गावचं आहे. पालीचं." आणि मोबाईल काढून मी त्यांना राजगडाचा फोटो दाखवला, खाली आपलं घर दिसतं तो. ते हसले, छान आहे म्हणाले. त्यांनी वाईट काही केलं नाही. फक्त ग्रुपवर विचारलं की मग पत्रकात लंडन का छापलंय.

तीन वाजता संचालिकाबाईंनी बोलावलं. तू आमची अब्रू घालवलीस, म्हणाल्या. वर्ग काढून घेतले. पण सोडलंही नाही. नवीन माणूस मिळेपर्यंत रोज यायचं, साफसफाई आणि पत्रकं करायची, तोवर पासपोर्ट मिळणार नाही. सरहद्दीवरून परत आलं की व्हिसाच्या कामाला म्हणून तो त्या ठेवून घ्यायच्या. अकरा दिवस मी तसे काढले. फोनवर आईला म्हणत होते, मजेत आहे, सुट्टी आहे. भीती वाटत होती, आप्पा. परत येताच येणार नाही, असं वाटत होतं.

बाराव्या दिवशी बॅग उपसताना वही सापडली. शेवटच्या खेपेला पासपोर्ट देताना मी बाईंपुढे वही धरली होती. "पासपोर्ट मिळाला", खाली तारीख, आणि सही करा म्हटलं. सगळं ऑफिस हसलं होतं. तो नळवाला तर मला पोस्टमास्तर म्हणायला लागला. पण मला दुसरं काही येतच नव्हतं. लहानपणी तुमच्या पायांत घोटाळत गावभर फिरले, तेव्हा हेच पाहिलं. रजिस्टर पत्र हातातून सुटायच्या आधी सही. माणूस घरचा असो की पाटील असो.

ती वही घेऊन मी गेले. आवाज चढवला नाही. म्हटलं, ही तुमची सही, उद्या सकाळी मी हे घेऊन आपल्या वकिलातीत चाललेय. बाईंनी सहीकडे बघितलं, मग खण उघडला.

आप्पा, जाताना एसटी थांब्यावर चारचौघांत मी तुम्हाला काय बोलले, ते तुम्ही विसरला नसाल. तुम्ही म्हणत होतात, भोरच्या शाळेत जागा निघालीय, अर्ज तरी कर. मी म्हटलं, तुमच्यासारखी जन्मभर लोकांची पत्रं वाहत मला इथं सडायचं नाही. तुम्ही माझी बॅग गाडीत ठेवली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. बरोबर केलंत. ज्या कामाला मी नावं ठेवली, त्याच कामाच्या सवयीनं मला सोडवून आणलं. माझं चुकलं. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. माझं फार चुकलं.

"सोडवून आणलं" असं लिहून गेले. आता लपवण्यात अर्थ नाही. आणि पाकीट हातात घेतल्या घेतल्या तुम्ही आधी तिकिटावरचा शिक्काच बघितला असणार, हे आत्ता लिहिता लिहिता माझ्या ध्यानात येतंय. दीड वर्ष परदेशात राहून अक्कल काही वाढली नाही.

मी भोरला आहे. सतरा ऑक्टोबरपासून. कॉलेजातल्या सोनियाच्या खोलीवर, एसटी स्टँडच्या मागे. दिवाळी मी इथेच केली, तुमच्यापासून दोन एसटींच्या अंतरावर. भाऊबीजेला स्टँडवर जाऊन वेल्ह्याकडच्या गाडीत बसलेही होते, मग उतरले. तो फ्लेक्स डोळ्यांपुढे आला. त्या फोटोखाली गाडीतून उतरायचं आणि गेनूकाकांनी सत्काराची तारीख विचारायची, हे जमेना. माझं सोडा, तुम्हाला थैली घेऊन रोज त्या थांब्यावरून जायचंय.

पण खरं सांगू? हलकं वाटतंय. भाजीवालीशी तावातावानं मराठीत भांडले, तेव्हा रडूच आलं. सोमवारपासून इथल्या एका क्लासमध्ये नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवणार आहे. मालकांनी नाव काय लावू विचारलं. म्हटलं, आहे ते लावा. ट्रेकवाल्यांना पाणी देत देत इंग्रजी शिकलेली मी, तेही लावलंत तरी चालेल.

घरी येऊ का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही ये म्हणालात तरच येईन.

तुमची,
शुभांगी बाजीराव रेणुसे
मूळ पत्ता पाली, सध्या मु. पो. भोर


पाली, दि. १९ नोव्हेंबर

चि. शुभांगीस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल थैलीतनं आलं. शिक्का पाह्यला. पाकीट खिशात ठिवलं, आदी बाकीचं टपाल वाटलं, मग वढ्याकाठी बसून वाचलं. दोनदा वाचलं. घरी येऊन तुझ्या आईला वाचून दावलं. ती रडली आन् मग लगोलग तांदूळ पाखडाया बसली.

तू भोरात हाईस हे मला भाऊबीजेपासनं ठावं हाय. तू फोन केलास तवा मागनं यष्टीवाला गाडी पुकारत हुता. भोर स्टँडवरचा त्यो आवाज म्या कामाला जाता-येता तीस वर्सं ऐकतोय. तुझी आई म्हनली टीव्ही असंल. म्या बोललो न्हाई. दुसऱ्याचं पाकीट म्या जन्मात फोडलं न्हाई, लेकीचं कसं फोडू? तुझ्या हातानं आलं की वाचायचं, म्हनून वाट बगत हुतो.

थांब्यावर बोललीस ते लागलं हुतं. लई लागलं. म्हनून गोठ्यात जायचो, पर कडी लावून आतनं ऐकायचो, तुझी आई मोबाईल मोठ्यानं लावती. काल ते लागलेलं निगून गेलं. वहीवर सही घेतलीस, ब्येस केलंस.

फ्लेक्सचं मनावर घिऊ नगंस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी म्याच सोडून आनला. झोडणीला खाली अंथराया ताडपत्री कमी पडत हुती. तुझ्या तोंडावर भात झोडाया नगो म्हनून उलटा अंथरलाय. गेनूला सांगितलं, सत्कार नगो, पोरगी झोडणीला येनार हाय, तूबी ये. यतो म्हनलाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. नसरापूरला बदल. म्या थांब्यावर वही घिऊन उबा ऱ्हातो. लांबनं आलेलं रजिस्टर हाय, पोचल्याची सही केल्याबिगर घरात घेनार न्हाई. नाव पुरतं लिव.

तुझा,
आप्पा