बॉनेटवरचं स्वस्तिक

७ एप्रिल, सोम.

बायपासवर गाड्या चकाचक करून देतो त्या डिटेलिंगवाल्याने स्लॉट दिला. २५ला गाडी सोडायची, २८ला घ्यायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३०ला. बसतं सगळं. सिरॅमिक कोटिंग, दोन थर.

सहा वर्षं गल्लीत ज्याला त्याला सांगत आलो की लावायचं तर कोटिंगच, स्प्रे म्हणजे तोंडाला पावडर. आज स्वतःची वेळ आली तर "कळवतो" म्हणालो.

त्याने टॉर्च तिरका धरून बॉनेट पाहिलं. काका, हे कसलं? म्हटलं स्वस्तिक, कुंकवाचं, रंगावरच्या क्लिअर कोटात उतरलंय. तो म्हणाला टेन्शन घेऊ नका, कोटिंगच्या आधी मशीनने घासावंच लागतं, साफ निघेल.

निघेल, हे मलाही माहीत आहे.

८ एप्रिल, मंगळ.

काल डिटेलिंगवाल्याने विचारलं म्हणून क्रमाने लिहून ठेवतो. नाहीतर पुढेमागे मीच काहीतरी वेगळं सांगेन.

गाडी गडद निळी. या रंगावर सगळं दिसतं. दर दसऱ्याला शोभा बॉनेटवर स्वस्तिक काढायची. बाजारच्या कुंकवात चुना असतो, रंग असतो, पेंटला ते मानवत नाही. म्हणून मी आधी बॉनेटवर पोळ्या गुंडाळायची पारदर्शक फिल्म लावायचो. स्वस्तिक फिल्मवर, पूजा झाली की फिल्म सोलून घ्यायची. शो. म्हणायची, मंग आरती बी त्या प्लॅस्टिकलेच करू का? दरवर्षी तेच वाक्य.

गेल्या दसऱ्याला फिल्म लावली नाही. तिच्या किमोच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप, सुरत, याच गाडीने. गाडी दवाखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये पंधरवडा. रात्री दव, दिवसा ऊन, वर कुंकू. घरी येऊन धुतली तेव्हा लाल गेलं, आकार राहिला. सुका असताना फारसा दिसत नाही. ओलं केलं की दिसतो.

शो. माघात गेली.

१० एप्रिल, गुरु.

दुकानात फारसं काम नाही. दोन पाणबुडी मोटारी आल्या, दोन्ही एकाच फेजवर चालवून जाळलेल्या. मुकाट वायर बदलत बसलो.

स्प्रे आणि कोटिंगमधला फरक मला कुणी शिकवलेला नाही. मोटारींचं रिवाइंडिंगही कुणी शिकवलं नव्हतं. कॉइलला वार्निश देतो तसंच हे आहे. नुसतं वरून मारलं तर चमकतं, एक पाऊस काढतं. भट्टीत भाजलं तर तारेशी एकजीव होतं, मग काढायचं तर छिन्नीच. स्प्रे पहिल्या जातीचा: धुवा, मारा, पुसा, चार-पाच महिन्यांनी परत. कोटिंग दुसऱ्या जातीचं: वर्षांची बात, पण खाली जे असेल ते तसंच आत कोंडतं. म्हणून आधी घासून पेंट निर्मळ करायचा. न घासता कोटिंग म्हणजे न धुता इस्त्री. हे वाक्य माझं आहे, गल्लीतली पोरं आता स्वतःचं म्हणून सांगतात.

कोटिंगच्या डब्यावर लिहितात ९एच. तो पेन्सिलीच्या कडकपणाचा नंबर आहे, हिऱ्याचा नव्हे. तरी लोक बॉनेटवर किल्ली ओढून बघतात.

१२ एप्रिल, शनि.

वैशूला शहाद्याला फोन. आखाजीला मुराळी म्हणून, तुला माहेरी आणायला, मीच येतो म्हटलं, घरात दुसरं कोण आहे. २८ला गाडी मिळेल, परस्पर तुझ्याकडे येतो.

मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "पप्पा, त्या गाडीवर मम्मीनं ते कुंकू शे तवलगून मी बसाव नई."

म्हटलं तोवर बसणार नाही म्हणजे काय, अगं, बसायचं आत असतं. तर म्हणाली, सुरतला मी डबा खायला गाडीत येऊन बसायचे, समोर तेच. शुभ म्हणून काढलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. त्यात एक हात वाकडा. मम्मीला तेव्हा काही समजतच नव्हतं, तुम्ही तिला कशाला काढू दिलं?

मी म्हणालो २५चा स्लॉट आहे, घासून निघेल.

तर फोनवर रडायला लागली. निघेल म्हटल्यावर का रडावं? तिला तेच हवं होतं ना.

१३ एप्रिल, रवि.

गाडी धुतली. दोन बादल्या. बोअरचं पाणी क्षाराचं आहे, शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. समोरचे पाटील सर गॅलरीतून: "आप्पा, गाडी चालवता का नुसती न्हाऊ घालता?" नेहमीचं. नेहमीसारखं काहीतरी उत्तर दिलं असेन.

बॉनेट शेवटी पुसलं. तोवर बघत उभा होतो. काही वाटलं नाही. स्वस्तिकाचा उजवीकडचा वरचा हात खाली ओढल्यासारखा आहे. चार ठिपक्यांपैकी तीनच.

१६ एप्रिल, बुध.

सलीमभाईकडे गेलो. डेंटिंग-पेंटिंगवाला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आमची दुकानं कधीकाळी एका भिंतीला होती. पेंटची जाडी मोजायचं त्याचं मीटर हवं होतं. बॉनेटवर सगळीकडे मोजलं. जाडी कंपनीची, पुरेशी आहे. एकदा घासलं तर पेंट मरणार नाही. म्हणजे ते कारणही नाही.

त्याला तिन्ही रस्ते सांगितले. एक, घासून कोटिंग: स्वस्तिक जातं, वैशू गाडीत बसते. दोन, स्प्रे: स्वस्तिक राहतं, पण आपल्या उन्हात क्लिअर कोट तिथूनच फुटत जाणार, दोन-तीन उन्हाळ्यांत आकार जाऊन चट्टा होईल. तीन, न घासता वरून कोटिंग: स्वस्तिक वर्षानुवर्षं जसंच्या तसं. हा तिसरा मला सुचला याचीच लाज वाटली. असं करणाऱ्यांना मी हसत आलो.

सलीमभाईने चहा मागवला. तो हसला नाही. म्हणाला, बाकी गाडी घिस लेंगे, उतना छोड देंगे, मैं करके देता.

मी म्हणालो कडेला रेषा दिसेल. घासलेला आणि न घासलेला पेंट शेजारी-शेजारी ओळखू येतो. शिवाय कोटिंगआधी स्पिरिटने पुसावंच लागतं, आणि या उन्हात पत्रा तापलेला असला तर लिक्विड पसरायच्या आत सुकतं...

त्याने थांबवलं. "आप्पा, पेंट की बात बाद में. तेरे को क्या चाहिये, वो बोल."

चहा निवला होता. पत्रा सावलीत किती वेळ ठेवायचा ते सांगून निघालो.

२० एप्रिल, रवि.

रनाळ्याहून शो.चा भाऊ आला. पहिली आखाजी, दुखवट्याची, कोण-कोण येणार ते ठरवायला. तिच्या नावाची घागर कुठे मांडायची, आंबे किती. मी हो हो म्हणत गेलो.

गाडीच्या डिकीवर मी स्प्रेची चाचणी घेतलेली, अर्ध्या भागावर मारला, अर्धा कोरा. पाणी टाकून दाखवलं. एका बाजूला मोती, दुसऱ्या बाजूला चादर. बघून म्हणाला, "दाजी, मन्हा ट्रॅक्टरले बी मारी द्या, पाटलीन तरी जवळ उभी ऱ्हाई." बायकोला तो पाटलीन म्हणतो. हसला. मीही हसलो, वाटतं.

जेवताना म्हणाला भाजीला मीठ नाही. मी अर्धी खाल्ली होती. मला कळलं नव्हतं.

जाताना बॉनेटपाशी थांबला. नुसती बोटं लावून छातीला लावली. बहिणीच्या हातचं. मग बोटांचे ठसे उमटले म्हणून खिशातल्या रुमालाने पुसले. कोरड्या रुमालाने. एरवी मी टोकलं असतं.

२४ एप्रिल, गुरु.

डिटेलिंगवाल्याचा फोन, उद्या येताय ना? म्हटलं येतो.

दोन्ही बाजूंच्या जमेच्या गोष्टी परत मनात मांडल्या. तक्ता बरोबर येतो. दरवेळी घासून कोटिंग हेच उत्तर येतं. पोरगी जिवंत आहे, बसणार ती आहे. डाग हा डाग आहे. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी एका मिनिटात सांगितलं असतं.

२५ एप्रिल, शुक्र.

किल्ली घेतली. गेट उघडलं. गाडी सुरू केली, एसी लावला, बसलो. बंद केली. गेट लावलं.

फोन करून म्हटलं, स्लॉट दुसऱ्याला द्या, आखाजीनंतर बघू. तो म्हणाला, काका, तुम्हीच मागे लागला होतात. खरं आहे.

२८ एप्रिल, सोम.

बसने शहाद्याला गेलो. मुराळी बसने आलेला बघून विहीणबाईंना वाटलं गाडी कुठे ठोकली. जावई म्हणाले मी सोडतो ना. वैशू बॅग भरूनच बसली होती. म्हणाली बसनेच जाऊ.

गाडी घरी का राहिली ते तिने विचारलं नाही. प्रकाशा गावच्या पुलावर बस थांबून होती, खाली तापी, पाणी बरंच खाली गेलेलं. वैशूने खिडकीतून हात जोडले. मला म्हणाली, पप्पा, तुम्ही नीट जेवत नाही. म्हटलं जेवतो.

३० एप्रिल, बुध. आखाजी

घागर मांडली. वर खरबूज, आमच्याकडचं डांगर, आणि आंबे. तिच्या नावाने पाणी सोडलं. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा मी "शो." म्हणालो, मग पूर्ण सांगितलं.

बायका रडल्या. वैशू रडली. सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते. माझं लक्ष घागरीखालच्या पाटाकडे. एका पायाने डुलत होता. उठून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. शो.च्या भावाची बायको कुणाच्या तरी कानात म्हणाली, दाजींचं हे असंच. ऐकू आलं.

आमरस गोड होता असं सगळे म्हणाले.

१ मे, गुरु.

सकाळी लवकर, पत्रा थंड असताना, गाडी धुवायला घेतली. ठरवलं काही नव्हतं, पण काहीतरी लावायला हवं, पुढे मे आहे. आज सगळीकडे स्प्रे.

वैशू चहा घेऊन आली. गेली नाही, तिथेच उभी. मी पाणी मारत होतो, आणि बॉनेटवर ते उमटलं. तिने बघितलं. एवढ्या जवळून पहिल्यांदाच असावं. म्हणाली, "हाऊ हात इतला वाकडा."

मी म्हणालो तो डाव्या हाताने काढलाय.

"म्हणजे?"

सांगितलं. उजव्या मनगटावर सलाइनची सुई तशीच ठेवलेली होती, वर पट्टी. ती सुई हलू नये म्हणून शो.ने तो हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताने काढलं. डाव्या हेडलाइटपाशी उभी राहून. तिथून उजवीकडचा वरचा कोपरा पुरत नाही, म्हणून तो हात खाली आला. चौथा ठिपका राहिला, कारण कुंकू बोटावरचं संपलं आणि मी ताट पुढे करायला विसरलो. मी खुर्ची देत होतो. नको म्हणाली. आणि काढायच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आज प्लॅस्टिक नई का? काय व्हयनं तुमले?" आणि हसली.

वैशू म्हणाली, "माले वाटनं तिले समजे नई."

"सगळं समजत होतं."

ती रडली. उभ्या-उभ्या, चहाचा कप हातात. माझ्या हातात स्प्रेची बाटली. खाली ठेवायचं मला सुचलं नाही. हे मी तिला आधी का सांगितलं नव्हतं? विचारलं नव्हतं म्हणून असेल.

मग मी कामाला लागलो. छत, दरवाजे, डिकी. एक पॅनल झालं की फडकं बदलायचं. वैशू फडकी देत गेली. शेवटी बॉनेट. उजवी बाजू मारून पुढे सरकलो तेव्हा तिने मनगट धरलं.

"तठे नका मारू."

तिथला भाग घासायला मोकळा ठेवायचा म्हणून, की तसाच राहू द्यायचा म्हणून? मी विचारलं नाही. आतून मास्किंग टेप आणली. मी कात्री शोधत होतो तोवर तिने दातांनी तोडून दिली. टोकं वेडीवाकडी. तशीच चिकटवली. चौकट बरोबर काटकोनात आली नाही. परत करायला हवी होती, केली नाही.

बाकी गाडी चांगली दिसते.

२ मे, शुक्र.

डिटेलिंगवाल्याचा फोन. एक स्लॉट रिकामा झालाय, ६ तारखेचा. म्हटलं संध्याकाळपर्यंत सांगतो.

वैशू उद्या शहाद्याला जाणार. बसने की गाडीने, ते ठरलेलं नाही. पोर्चमधून जाता-येता चौकटीकडे बघते. मघाशी तिथे पोपटाच्या पिसासारखं काहीतरी येऊन पडलं होतं, उचलून फेकलं.

मास्किंग टेप उन्हात ठेवायची नसते. गोंद पेंटवर बसतो, मग रॉकेलने काढावा लागतो. मीच सगळ्यांना सांगतो. उन्हं बॉनेटच्या कडेपर्यंत आली आहेत. टेप काढायला उठायचं आहे. वैशू आत किल्ली शोधते आहे, गाडीची असावी, विचारायला हवं.