विचारी माणूस

आप्पा, दुष्काळाच्या साली खडी फोडताफोडता आईनं हातोडा टाकला आणि ती किंचाळायला लागली, तेव्हा कामावरच्या बायांनी तिला हळद-कुंकू लावलं. "माय, पाणी कधी पडंल?" म्हणून पाया पडून राहिल्या. त्याच साली तुम्ही बोलणं जवळजवळ टाकलं. समोर भाकरी सुकून जायची, तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलेले. पण तुमच्या अंगात काही आलंय असं कुणी म्हणालं नाही. पारावरचे म्हणायचे, "लई विचारी माणूस." आईला दहा वर्षं देवस्थानं फिरवली, तुम्हाला मान मिळाला.

पुढं लातूर जिल्हा झाला, साहेब लोक आले, त्यांचे रेडिओ बिघडले आणि माझं दुरुस्तीचं दुकान चाललं. मनाच्या आजाराचा डॉक्टरही आला. आईला दाखवायला आपण तिघं गेलो. तिच्या गोळ्या लिहून झाल्यावर त्यानं तुमच्याकडं बघितलं. "काका, तुम्हाला झोप लागते का?" तुम्ही ताडकन उठलात. "मला काय धाड भरलीय? बाईमाणूस ती हाय!" मी हसलो. खरखर ऐकून रेडिओतलं काय गेलंय ते सांगणारा मी. तुमचा आवाज फाटलेला मला ऐकू आला होता, आप्पा, तरी हसलो. आई पुन्हा शेजारणीशी भांडायला लागली, तेव्हा ती बरी झाल्याचं कळलं. तुम्ही एकेक घास कमी करत गेलात आणि एक दिवस संपलात. लोक म्हणाले, वय झालं होतं. साठीसुद्धा नव्हती.

आता मी दुकानात गिऱ्हाइकाला हसवतो आणि घरी येऊन जोडा काढायची ताकद नसल्यासारखा उंबऱ्यात बसतो. लातुरात सगळे ओळखतात म्हणून गेल्या महिन्यात बायकोला घेऊन नांदेडला गेलो. "पेशंट कोण?" विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "आमची मंडळी." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढं जाऊन बसली. "झोप न्हाई, बाई. घास उतरत न्हाई. न्हाणीत नळ सोडून रडते मी," तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. नळाच्या आवाजात माझं रडणं झाकून जातं, असं मला वाटत होतं.

गोळ्या मी खातो, कागदावर नाव तिचं आहे. परवा पुन्हा बोलावलंय. त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललेलो नाही. तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. खरं तर हे सगळं तिला सांगायचं होतं.